सेनापतीचा कागद कुठे अडतो

२०२५च्या ऑगस्टमध्ये महूच्या आर्मी वॉर कॉलेजात 'रण संवाद' ही परिषद भरली. तिथे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी थिएटर कमांड, म्हणजे एका आघाडीवरची तिन्ही दले एकाच सेनापतीच्या हाताखाली आणणारी रचना, उभारण्याची घाई करू नये असे उघडपणे सांगितले, तर नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी थिएटर कमांड हेच आपले अंतिम उद्दिष्ट असल्याचे म्हटले. सेनादलांच्या प्रमुखांनी जाहीरपणे भिन्न मते मांडली याचे मला वाईट वाटले नाही. प्रश्न मोठा आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोलले गेलेच पाहिजे. वाईट वाटले ते पुढच्या चर्चेचे. भूदलाला हवाई दल गिळायचे आहे का, हवाई दल आपला ताबा का सोडत नाही, चार तारे लावणारे अधिकारी किती वाढणार, मुख्यालय जयपूरला जाणार की लखनौला, यातच सारा वाद अडकून पडला. भावकीत वाटणीचा दावा चालावा तशी ही चर्चा चालली आहे, आणि ज्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप करायचा तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझे म्हणणे असे की भारताला थिएटर कमांड हव्यात, आणि लवकर हव्यात. पण तिन्ही दलांची साधने एका हाताखाली आणणे हे त्यामागचे जे कारण सांगितले जाते, ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे कारण प्रादेशिक सेनापतीच्या अधिकाराचे आहे. आघाडी ज्याच्या हवाली केली आहे तो सेनापती दिल्लीत ठरलेला बेत अमलात आणणारा अधिकारी आहे, की बेत ठरत असतानाच ज्याचा शब्द ऐकून घेणे बंधनकारक आहे असा जबाबदार माणूस आहे? या प्रश्नाचे उत्तर लेखी आणि निःसंदिग्ध दिल्याशिवाय नव्या कमांड उभारल्या, तर पाट्या बदलतील आणि १९६२ साली जिथे घोडे अडले होते तिथेच ते पुन्हा अडेल.

आज काय आहे ते आधी पाहू. देशात एकेका दलाच्या मिळून १७ कमांड आहेत : भूदलाच्या ७, हवाई दलाच्या ७ आणि नौदलाच्या ३. अंदमान-निकोबारची २००१ साली उभी राहिलेली कमांड तेवढी तिन्ही दलांची मिळून आहे. अण्वस्त्रांची जबाबदारी असलेली स्ट्रॅटेजिक फोर्सेस कमांड वेगळी. प्रशिक्षण आणि देखभालीच्या कमांड सोडल्या तर भूदलाची मुख्यालये उधमपूर, चंडीमंदिर, जयपूर, लखनौ, कोलकाता आणि पुणे इथे. हवाई दलाची दिल्ली, गांधीनगर, प्रयागराज, शिलाँग आणि तिरुवनंतपुरम इथे. म्हणजे एकाच भूभागाच्या संरक्षणाला जबाबदार असलेला भूदलाचा आणि हवाई दलाचा सेनापती एका गावातसुद्धा बसत नाही. दोघांच्या हद्दीही जुळत नाहीत. सरकारच्या आकड्याप्रमाणे ३,४८८ किलोमीटर लांबीच्या चीनलगतच्या ताबारेषेवर आपल्या बाजूने भूदलाच्या किमान तीन आणि हवाई दलाच्या तीन कमांड उभ्या आहेत. समोर चीनने २०१६च्या फेब्रुवारीत आपले सात लष्करी विभाग मोडून पाच थिएटर कमांड केल्या, आणि लडाखपासून अरुणाचलपर्यंतची सगळी सरहद्द एकट्या पश्चिम थिएटर कमांडच्या हाती दिली. त्या सेनापतीने दम खाऊन लडाखमध्ये दबाव आणला आणि त्याच आठवड्यात तवांगकडे फौज हलवली, तर दोन्ही हालचाली एकाच मनसुब्याचे भाग आहेत हे ओळखणारा आपल्याकडचा पहिला माणूस दिल्लीत बसलेला असतो. त्याच्या खाली कुठेही ते चित्र पूर्ण दिसत नाही.

पण नकाशा जुळवला म्हणजे भागले, असे मी म्हणत नाही. त्यासाठी लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांची हकिकत जरा सविस्तर सांगायला हवी. मराठी वाचकाला हे नाव आपल्या मातीतला शूर सेनानी म्हणून माहीत असते. लष्करी विचाराच्या इतिहासात त्यांचे जे स्थान आहे, त्याची आठवण मात्र आपण क्वचितच काढतो. कोल्हापूरकडचे थोरात १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे सेनापती होते. त्या वेळी पूर्व कमांडचे मुख्यालय लखनौला होते आणि नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, संरक्षणाचा भार त्यांच्यावर येऊन पडला होता. १९५९च्या ऑक्टोबरात त्यांनी या भागाच्या संरक्षणाचा एक आराखडा लिहून काढला. त्याचा गाभा साधा होता. मॅकमहोन रेषेवर, जिथे रस्ता नाही, खेचरांची वाटही धड नाही, तिथे लढायचे नाही. तिथे फक्त टेहळणीच्या चौक्या ठेवायच्या. शत्रू खाली उतरू लागला की माघार घेत घेत त्याला झुंजवायचे, आणि खरी संरक्षण-फळी बोमडिला, झिरो या बाजूला मागे धरायची, कारण तिथवर आपली रसद पोहोचते आणि शत्रूची मात्र हिमालयाच्या खिंडींमधून ताणली जाते. १९६०च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी हा विचार नकाशावर तपासून पाहिला. चीनने जोर केला तर काय होईल, किती फौज लागेल आणि ती नसेल तर कोणत्या जागा हातच्या जातील, हे सगळे कागदावर आले. सेनाप्रमुख थिमय्या यांनी तो कागद आपल्या संमतीसह संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे पाठवला. मेनन यांना त्यात भीतीचा बागुलबुवा दिसला, आणि कागद तिथेच थांबला.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, पण ते कोणत्या पद्धतीने झाले याकडे माझा रोख आहे. थोरात १९६१ साली निवृत्त झाले. सेनाप्रमुखपद त्यांच्याकडे आले नाही. नव्या धोरणानुसार ताबारेषेवर जितके पुढे जाता येईल तितके जाऊन चौक्या टाकायच्या होत्या, आणि नेमके कुठे जायचे हे दिल्ली ठरवत होती. १९६२च्या सप्टेंबरात ठाग ला कड्याच्या पायथ्याशी चिनी सैन्य आल्यावर तिथल्या ३३ कोअरचे (कोअर म्हणजे कमांडच्या हाताखालचा काही डिव्हिजनांचा सैन्यसमूह) सेनापती उमराव सिंग यांनी हिशेब मांडला : इतके सैन्य, इतका दारूगोळा, इतक्या दिवसांची शिधासामग्री साठवल्याशिवाय हल्ला करता येणार नाही. हिशेब बरोबर होता, म्हणून तो अडचणीचा ठरला. ४ ऑक्टोबरला नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून नव्याने उभारलेल्या ४ कोअरकडे, म्हणजे लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याकडे, सोपवण्यात आली. ब्रिगेडियर जॉन दळवी यांची ७ ब्रिगेड नामका चूच्या घळीत उतरवण्यात आली. वर चिनी, मध्ये नदी, नदीवर ओंडके टाकून केलेले साकव, आणि खाली उन्हाळी कपड्यांत, हाताशी मोजक्या गोळ्या घेऊन बसलेले जवान : त्या जागेचा नकाशा कुणीही पाहावा, तिथे लढाई द्यायची हा निर्णय जागा पाहिलेल्या माणसाचा असूच शकत नाही हे लगेच कळते. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. दळवी युद्धकैदी झाले. कौल त्याआधीच आजारी पडून दिल्लीला परतले होते आणि अंथरुणावरूनच कोअर चालवत होते.

या पराभवाचे खापर आपण सहसा माणसांवर फोडतो : नेहरूंचा भोळेपणा, मेनन यांचा हेका, कौल यांची महत्त्वाकांक्षा. माणसे चुकलीच. पण जबाबदारी एकाची आणि निर्णय दुसऱ्याचा, ही रचना जिथे असेल तिथे माणसे चुकण्याची वाट पाहावी लागत नाही. लडाखच्या बाजूला पश्चिम कमांडचे सेनापती दौलत सिंग यांनीही, साधने नसताना पुढे चौक्या टाकू नयेत, असे युद्धापूर्वी लेखी बजावले होते. त्यांचाही सल्ला मानला गेला नाही, पण लढाई सुरू झाल्यावर त्यांना आपल्या मुलखात फौज हलवण्याची बरीचशी मोकळीक मिळाली, आणि लडाखमध्ये आपण मुलूख गमावला तरी नेफासारखी दाणादाण उडाली नाही. एकच शत्रू, एकच महिना, एकच सरकार. फरक कुठे होता?

त्याच युद्धाच्या काळात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य आपल्याकडे आजही म्हटले जाते. चव्हाणांचे मोठेपण मला त्या वाक्यापेक्षा १ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी अधिक दिसते. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले होते, हवाई दल वापरायचे की नाही हे ठरवायचे होते, आणि चव्हाणांनी तो निर्णय काही मिनिटांत घेतला. हेतू राज्यकर्त्याने ठरवला, बाकीचे सेनापतींवर सोपवले. मात्र त्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली, कारण भूदल आणि हवाई दल यांचा मिळून काहीच बेत आधी ठरलेला नव्हता. त्याच युद्धात पश्चिम कमांडचे हरबक्ष सिंग यांनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे सेनाप्रमुखांनी त्यांना बियास नदीच्या मागे हटण्यास सुचवले होते आणि त्यांनी ते मानले नाही. या हकिकतीबद्दल मतभेद आहेत. परंतु असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची काय गत झाली याबद्दल मतभेद नाहीत, आणि ती लढाई बियासच्या मागे राहून झाली नसती.

आता प्रतिपक्षाकडे येतो, कारण त्यांचे मुद्दे हलके नाहीत. सर्वांत बळकट मुद्दा हवाई दलाचा आहे. विमाने तुटपुंजी आहेत : मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, आणि २०२५च्या सप्टेंबरात मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाती २९ उरल्या. विमान सकाळी पंजाबात आणि संध्याकाळी आसामात लढू शकते. त्याचे बळ या फिरतेपणात आहे. अशी साधने दोन-तीन थिएटरांत वाटली तर एका आघाडीवर ती बसून राहतील आणि दुसरीकडे कमी पडतील. हा युक्तिवाद मला पूर्ण पटतो, फक्त त्यातून काढला जाणारा निष्कर्ष पटत नाही. एक तर हवाई दल आजही लढाऊ कामासाठी पाच प्रादेशिक कमांडांत वाटलेलेच आहे. तिथे अविभाज्यतेचे तत्त्व आड येत नाही, कारण एका कमांडची विमाने दुसरीकडे वळवण्याचा अधिकार हवाई मुख्यालयाने आपल्याकडे ठेवला आहे. तोच अधिकार उद्या सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे मिळून असलेले संरक्षणप्रमुख, आणि दलप्रमुख यांच्या मंडळाकडे ठेवता येईल. दुसरे म्हणजे थिएटर कमांडरच्या हाताखाली हवाई बळ येणे याचा अर्थ प्रत्येक कोअर कमांडरला चार-चार विमाने देणे असा होत नाही. १९९१च्या आखाती युद्धात श्वार्झकॉफ हे थिएटरचे सेनापती होते, पण सगळी विमाने हॉर्नर या एका हवाई सेनानीच्या हाती होती. भूदलाच्या कोअर कमांडरांनी त्याबद्दल तक्रारी केल्या, आणि त्या तक्रारींचा निवाडा करायला दोघांच्या वर एकच माणूस होता. आपल्याकडे उधमपूरचा भूदलाचा सेनापती आणि दिल्लीतला हवाई दलाचा सेनापती यांच्यातल्या मतभेदाचा निवाडा कोण करतो? १९९९ साली कारगिलमध्ये घुसखोरी मेच्या सुरुवातीला लक्षात आली आणि हवाई दल २६ मे रोजी उतरले. मधल्या तीन आठवड्यांत शत्रूच्या ताब्यातल्या शिखरांवर जवान पायी चढत होते. हवाई दलाची सावधगिरी अनाठायी नव्हती. उंचावर हेलिकॉप्टर पाठवण्यातला धोका त्यांनी आधीच सांगितला होता आणि २८ मे रोजी एमआय-१७ पाडले गेले तेव्हा तो खराही ठरला. मग दोन्ही बाजूंकडे आपापले शहाणपण असताना ते एका टेबलावर वेळेत का आले नाही?

दुसरा मुद्दा १९७१चा. थिएटर कमांड नसताना आपण १३ दिवसांत युद्ध जिंकले, ९३ हजारांनी शरणागती पत्करली, मग चालती गाडी मोडायची कशाला? हा मुद्दा मी फार काळ मनात घोळवला आहे, कारण १९७१ हे आपल्या इतिहासातले सर्वांत सुघड युद्ध आहे. तेव्हाही भूदलाचे अरोरा कलकत्त्याला, हवाई दलाचे दिवाण शिलाँगला आणि नौदलाचे कृष्णन विशाखापट्टणमला होते. पण दोन गोष्टी विसरू नयेत. माणेकशांना तयारीला आठ-नऊ महिने मिळाले, आणि त्या महिन्यांत माणसांनी माणसांशी जुळवून घेतले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. युद्धाचा निकाल ज्या उडीने लागला ती उडी मूळ बेतात नव्हती. सगत सिंग यांच्या ४ कोअरला मेघना नदीच्या पूर्व काठापर्यंतचे काम दिले होते. ९ डिसेंबरला पाकिस्तान्यांनी आशुगंजचा पूल उडवला, तेव्हा सगत सिंग यांनी ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या डझनभर एमआय-४ हेलिकॉप्टरांतून त्याच रात्री जवान पलीकडे रायपुऱ्यात उतरवायला सुरुवात केली. पुढच्या काही दिवसांत ढाक्याचा रस्ता मोकळा झाला. एक कोअर कमांडर आणि हवाई दलातला एक ग्रुप कॅप्टन यांनी शेजारी बसून, नदीकडे पाहून घेतलेला हा निर्णय होता. वरच्या मुख्यालयांना तो पचवायला वेळ लागला. म्हणजे १९७१ हे सध्याच्या रचनेचे यश म्हणून दाखवले जाते, पण त्यातला कळसाचा क्षण दोन दलांनी जागेवर एकत्र येण्याचा आणि आघाडीच्या सेनापतीने आज्ञेच्या पुढे पाहण्याचा आहे. दर वेळी सगत आणि चंदन भेटतीलच या भरवशावर देशाचे संरक्षण सोडायचे का?

तिसरा मुद्दा ताजा आहे. ७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले, नऊ ठिकाणे टिपली गेली, १० मेला गोळीबार थांबला. सगळे दिल्लीतून चालले आणि चांगले चालले. तेव्हा तिन्ही दलांची संयुक्त नियोजन व समन्वय यंत्रणा दिल्लीतच असावी, असे हवाई दलप्रमुखांचे म्हणणे आहे. लक्ष्ये आपण निवडलेली, वेळ आपण ठरवलेली, अस्त्रे दुरून सुटणारी आणि मोहीम चार दिवसांची, असे युद्ध केंद्रातून चालवता येते, किंबहुना तिथूनच चालवावे, कारण त्याचा प्रत्येक टप्पा राजकीय असतो. पण २०२०चे लडाख तसे नव्हते. गलवाननंतर २९-३० ऑगस्टच्या रात्री पँगाँगच्या दक्षिणेकडच्या कैलास रांगेतल्या उंच जागा आपल्या जवानांनी धरल्या, आणि पुढे २०२१च्या फेब्रुवारीत दोन्ही सैन्ये मागे हटेपर्यंत वाटाघाटीत त्या जागांचे वजन पडत राहिले. कोणती टेकडी कोणत्या रात्री धरायची, किती थंडीत किती माणसे तिथे टिकतील, समोरचा कुठे बेसावध आहे, हे दिल्लीच्या पडद्यावर कितीही स्वच्छ चित्र आले तरी कळत नाही. उलट चित्र जितके स्वच्छ, तितका दुरून हात घालण्याचा मोह मोठा. नामका चूच्या वेळी दिल्लीकडे फक्त टेलिफोन होता.

सर्वांत जुनी भीती मात्र वेगळीच आहे, आणि ती मराठी माणसाला तरी समजावून सांगावी लागू नये. प्रादेशिक सेनापती बलवान झाला की तो सुभेदार होतो, आणि सुभेदाराचा संस्थानिक व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेत मॅकआर्थरने कोरियात राष्ट्राध्यक्षांच्या धोरणाविरुद्ध जाहीर बोलायला सुरुवात केली आणि ११ एप्रिल १९५१ रोजी ट्रूमनला त्याला काढून टाकावे लागले. आपल्याकडे अशा वेळी पानिपताचे नाव निघते. मी ते बाजूला ठेवतो, कारण या प्रश्नाला १८०३ साल अधिक लागू पडते. त्या वर्षी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले इंग्रजांशी लढत होते आणि यशवंतराव होळकर बाजूला उभे होते. वर्षभरापूर्वीच हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला होता. ती जखम ओली होती. २३ सप्टेंबरला असई झाली, २९ नोव्हेंबरला अडगाव झाले, आणि होळकर लढाईत उतरले ते पुढच्या वर्षी, एकटे. प्रत्येकाकडे फौज होती, तोफखाना होता, शौर्य होते. मात्र प्रत्येकाचा खजिना वेगळा होता आणि मनसुबाही वेगळा.

ही हकिकत प्रादेशिक सेनापतींच्या विरोधात सांगितली जाते. पण त्याच युद्धात समोरच्या बाजूला काय होते? १८०३च्या जूनमध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने दख्खनमधला सगळा लष्करी आणि राजकीय अधिकार आपला भाऊ आर्थर वेलस्ली याच्या हाती दिला, आणि उत्तरेत तसाच अधिकार जनरल लेकला दिला. दोघांना कलकत्त्याला दर वेळी विचारावे लागत नव्हते. तह करायचा की लढायचे हेही जागेवर ठरवता येत होते. हेतू मात्र एकाच ठिकाणी ठरलेला आणि दोघांना नेमका माहीत होता. म्हणजे त्या युद्धात दोन्हीकडे प्रादेशिक सेनापतीच होते. एकीकडे त्यांना मोकळीक आणि समान हेतू दोन्ही मिळाले, दुसरीकडे नुसती मोकळीक होती. आणि मराठ्यांना हे जमत नव्हते असेही नाही. राजाराम महाराज १६८९ साली जिंजीला गेले तेव्हा स्वराज्याला एक राजधानी, एक छावणी, एक खजिना असे काही उरलेच नव्हते. मागे रामचंद्रपंत अमात्यांना हुकमतपनाह करून सर्वाधिकार दिले गेले, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी आपापल्या टापूत औरंगजेबाच्या सरदारांना बेजार केले, आणि दोड्डेरीसारख्या मोहिमा कुणाच्या आज्ञेची वाट न पाहता झाल्या. तो एक हेतू ढासळू लागला तेव्हा संताजी-धनाजींची आपसात लढाई झाली आणि संताजींचा शेवट शत्रूच्या हातून झाला नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

म्हणून सत्ता वाटली की फूट पडते, हे निदान मला अपुरे वाटते. हेतू लिहून न देता सत्ता वाटली की फूट पडते. आणि नेमकी हीच उणीव आपल्याकडे आज आहे. भारताकडे जाहीर केलेले राष्ट्रीय सुरक्षा धोरण नाही. सेनादले आपापले युद्धसिद्धान्त लिहितात. तिन्ही दलांचा संयुक्त सिद्धान्त २०१७ साली निघाला. पण सिद्धान्त म्हणजे कसे लढायचे याचा विचार. कशासाठी आणि कुठवर लढायचे हे त्याच्या आधी यावे लागते. २००१च्या संसदेवरील हल्ल्यानंतर 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये आघाडीवर पोहोचायला आपल्या मोठ्या हल्लेखोर कोअरना सुमारे तीन आठवडे लागले, आणि तोवर राजकीय संधी निघून गेली. त्यातून धडा घेऊन भूदलाने २००४ साली जलद चढाईचा, 'कोल्ड स्टार्ट' म्हणून ओळखला जाणारा विचार मांडला. विचार चांगला होता. पण ज्या हवाई दलाच्या छत्राखाली ती चढाई व्हायची त्याची संमती त्यावर नव्हती, आणि सरकारने तो आपला म्हणून कित्येक वर्षे उघडपणे स्वीकारलाही नाही. मग सीमेवरच्या सेनापतीने तयारी नेमकी कशाची करायची?

पुण्यात राहणाऱ्याला दक्षिण कमांडच्या दगडी इमारती रोज दिसतात. १९८७ साली श्रीलंकेतल्या शांतिसेनेची सगळी सूत्रे याच कमांडचे सेनापती दीपिंदर सिंग यांच्या हाती देण्यात आली होती. कागदावर ते संपूर्ण मोहिमेचे प्रमुख होते. प्रत्यक्षात नौदल आणि हवाई दल आपापल्या मुख्यालयांना बांधील राहिले, आणि मोहिमेचा हेतू तर वाटेतच बदलला : जे शांतता राखायला गेले होते त्यांना ऑक्टोबरात जाफन्यावर हल्ला करावा लागला. आपल्या देशाने परकीय भूमीवर चालवलेली ती सर्वांत मोठी मोहीम, आणि तिच्या सेनापतीकडे ना सगळी साधने होती, ना ठाम हेतू. जवान मात्र अकराशेच्या वर गेले.

थिएटर कमांडरच्या नेमणुकीच्या पत्रात म्हणून तीन गोष्टी मला स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. सरकारने ठरवलेला हेतू आणि त्याच्या मर्यादा; तो साधण्यासाठी हमखास मिळणारी किमान साधने, विमानांसकट; आणि हेतू व साधने यांचा मेळ बसत नाही असे वाटले तर ते लेखी कळवण्याचे त्याचे कर्तव्य. तो कागद सीडीएसमार्फत संरक्षणमंत्री आणि पंतप्रधान यांच्यापर्यंत गेलाच पाहिजे, मधल्या कुणालाही तो अडवता येऊ नये. अंतिम निर्णय सरकारचाच. सेनापतीला तो मान्य नसेल तर त्याने राजीनामा द्यावा किंवा हुकूम पाळावा. जाहीर सभा घेऊ नये. २०२३चा आंतरसेवा संघटनांचा कायदा १० मे २०२४ला अमलात आला आणि त्याने एका दलाच्या सेनापतीला दुसऱ्या दलाच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार दिले. ते आवश्यकच होते. पण शिस्तीचा अधिकार आणि सल्ल्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीबद्दल त्या कायद्यात काही नाही.

बोमडिला पडल्यावर, युद्ध हरल्यावर, नेहरूंनी निवृत्त थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले. थोरातांनी आपल्या आराखड्याची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. ती वाचून, हा कागद मला आधी का दाखवला नाही, असे पंतप्रधानांनी विचारल्याचे थोरातांनी लिहून ठेवले आहे. त्या कागदाला तोवर तीन वर्षे होऊन गेली होती, आणि लखनौहून निघालेला तो कागद दिल्लीपर्यंत पोहोचलेला होता. पंतप्रधानांच्या टेबलापर्यंत तेवढा पोहोचला नव्हता.